दोन ठोक्यांमधले काम

गेल्या हिवाळ्यात आत्या साताऱ्याहून आमच्याकडे जयपूरला राहायला आली. झालाना भागातील आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्याच दिवशी ती जिन्याच्या वळणावर थांबली, कठड्याला हात टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, पंपिंग नॉर्मल आहे म्हणाले ना? मग दम कशाचा लागतो?” तिच्या पिशवीत इको तपासणीचा अहवाल होता. त्यात वर ‘ईएफ 60 टक्के’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि बऱ्याच खाली, आकड्यांच्या गर्दीत, ‘डायस्टोलिक डिसफंक्शन, ग्रेड 1’ अशी एक ओळ होती. घरातील सर्वांनी पहिली ओळ वाचून सुटकेचा निःश्वास टाकला होता. दुसरीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

या दुर्लक्षाचा दोष घरच्यांना देण्याचे कारण नाही. हृदय आकुंचन पावताना काय करते याचा अभ्यास वैद्यकशास्त्राने तीन शतके मोठ्या निष्ठेने केला. ते सैल पडताना काय करते, हा प्रश्न मात्र बराच काळ प्रश्नच मानला गेला नाही. दोन ठोक्यांमधला काळ म्हणजे हृदयाची विश्रांती, अशी समजूत होती. ही समजूत कशी रुजली आणि कशी मोडली, त्याचा हा इतिहास आहे. त्यातील तीन महत्त्वाचे प्रसंग मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात घडले, हे आपल्याकडेही फारसे ठाऊक नाही.

आधी वेळेचा हिशेब मांडू. मिनिटाला 75 ठोके पडत असतील तर एका चक्राच्या वाट्याला 0.8 सेकंद येतो. त्यातील सुमारे 0.27 सेकंद जवनिकांच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या, आकुंचनात जातो. उरलेला 0.53 सेकंद शिथिल होण्यात आणि भरण्यात जातो. ठोके 200 वर गेले की संपूर्ण चक्र 0.3 सेकंदात उरकावे लागते. तेव्हा आकुंचनाला 0.16 सेकंद मिळतो आणि शिथिलनाला 0.14. घाई झाली की कात्री लागते ती मुख्यतः शिथिलनाच्या वेळेला. जिना चढताना आत्याच्या हृदयात नेमके हेच घडत होते.

प्राचीन वैद्यकात चित्र उलटे होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन हृदयाचे प्रसरण हीच त्याची खरी क्रिया मानत असे. लोहाराचा भाता फुगताना हवा आत ओढतो, तसे हृदय रक्त ओढून घेते, अशी त्याची कल्पना होती. 1628 मध्ये विल्यम हार्वीचा ‘दे मोतू कोर्दिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ती कल्पना मागे पडली. जिवंत प्राण्यांचे हृदय प्रथम पाहताना आपल्याला काहीच उमगेना, ही गती केवळ ईश्वरालाच ठाऊक असावी असे वाटू लागले, अशी कबुली हार्वीने स्वतः दिली आहे. अडचण वेगाची होती. त्याने त्यावर सोपा उपाय काढला. बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांची हृदये आणि मृत्यूच्या वाटेवर मंदावत गेलेली हृदये त्याने न्याहाळली. तेव्हा त्याला दिसले की हृदय घट्ट आवळते त्याच क्षणी रक्त बाहेर फेकले जाते आणि वरच्या कर्णिका आधी आकुंचन पावून जवनिकांना भरतात. आकुंचन हीच क्रिया ठरली. प्रसरणाकडे केवळ तिची ओसरती बाजू एवढेच स्थान उरले.

हार्वीचा निष्कर्ष मूलतः बरोबर होता. रक्ताभिसरणाचे सारे आधुनिक ज्ञान त्यावर उभे आहे. परंतु त्या विजयात एक अर्धसत्य आपोआप मान्य होऊन गेले. हृदय हा पंप आहे आणि पंपाचे काम म्हणजे ढकलणे, असे आपण म्हणू लागलो.

या अर्धसत्याला पहिला धक्का एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसला. 1895 मध्ये म्युनिकच्या ऑटो फ्रांक याने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले की जवनिका जितकी अधिक भरलेली असेल तितक्या अधिक जोराने ती आकुंचन पावते. लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1914 च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर याच तत्त्वाची तपशीलवार तपासणी केली. स्नायूचा तंतू आधी जितका ताणला जाईल, तितकी आकुंचनाची शक्ती वाढते. आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी हा फ्रांक-स्टार्लिंग नियम शिकतो. त्याचा सरळ अर्थ असा की पुढच्या ठोक्याचे बळ आधीच्या भरण्यात ठरते. तरीही भरणे ही हृदयाची स्वतःची कामगिरी मानली जात नव्हती. शिरांतून रक्त येते आणि सैल पिशवीत साठते, एवढेच त्याचे वर्णन होते.

या नियमाची दुसरी बाजू भारतातील डॉक्टरांना पुस्तकाबाहेर, रुग्णांच्या रांगेत भेटली. ती म्हणजे अडलेले दार.

बालपणी घशाला स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा संसर्ग होतो. काही मुलांत त्यानंतर सांधे धरणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो. शरीराची संरक्षणयंत्रणा भ्रमित होऊन स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामधील मायट्रल झडपेची पाने कडेने एकमेकांना चिकटतात. निरोगी माणसात या दाराचे क्षेत्रफळ 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते. ते 1 चौरस सेंटिमीटरपर्यंत आकसले की जवनिकेचा स्नायू धडधाकट असूनही तिला भरायला रक्तच मिळत नाही. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांत चढतो आणि माणूस धापा टाकू लागतो. पाश्चात्त्य देशांत या झडपेच्या आकुंचनाला गंभीर रूप यायला बहुधा अनेक दशके लागत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजॉय बी. रॉय आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात दाखवून दिले की भारतात हाच आजार वीस वर्षांखालील मुलामुलींत अत्यंत गंभीर अवस्थेत आढळतो. दारिद्र्य, दाटीवाटीची घरे आणि घशाच्या साध्या संसर्गावर न झालेले उपचार ही त्यामागची पार्श्वभूमी होती.

हे दार उघडायचे कसे? 1925 मध्ये लंडनमध्ये हेन्री सॉटर याने धडधडत्या हृदयाच्या कर्णिकेत बोट घालून झडप सैल केली. रुग्ण वाचली, पण सॉटरकडे दुसरा रुग्ण कोणी पाठवला नाही. दोष झडपेचा नसून स्नायूचा आहे, दार उघडून काय होणार, असे तत्कालीन हृदयतज्ज्ञांचे मत होते. ढकलणे हेच काम आहे हा ग्रह इतका पक्का होता की भरण्याचा अडथळा डोळ्यांसमोर असूनही दिसला नाही. या ग्रहापायी तेवीस वर्षे वाया गेली. जून 1948 मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी सहा दिवसांच्या अंतराने यशस्वी शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा कुठे मत बदलले.

त्यानंतरच्या दशकात परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांच्या विभागात मायट्रल झडपेच्या अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या. हृदय-फुप्फुस यंत्राशिवाय, चालू हृदयावर, बोटाच्या स्पर्शाने केलेली ही शस्त्रक्रिया गरीब देशाला परवडणारी होती. त्याच सुमारास, 1951 मध्ये, अमेरिकेतील हृदयतज्ज्ञ रिचर्ड गॉर्लिन यांनी अभियंता असलेल्या आपल्या वडिलांच्या साहाय्याने पाण्याच्या प्रवाहाचे गणित झडपेला लावले. एखाद्या छिद्रातून प्रवाह दुप्पट करायचा असेल तर दाबातील फरक चौपट करावा लागतो. त्यांच्या सूत्रात आणखी एक पद होते, ते म्हणजे दर मिनिटाला भरण्यासाठी मिळणारा वेळ. अरुंद झडपेचा रुग्ण ताप आल्यावर, धावल्यावर किंवा गरोदरपणात अचानक का ढासळतो, याचे उत्तर या पदात होते. ठोके वाढले की वेळ घटतो. तेवढेच रक्त कमी वेळात आत न्यायचे म्हणजे प्रवाह वाढवावा लागतो आणि दाब त्याच्या वर्गाने चढतो. शिथिलनाच्या अर्ध्या सेकंदाला आता समीकरणात जागा मिळाली होती.

दार मोकळे असूनही भरणे अडू शकते का? अडू शकते, कारण भिंतच सैल पडली नाही तर दार उघडून उपयोग नाही. या दुसऱ्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी स्नायू सैल कसा पडतो, हे पाहायला हवे.

1883 मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर याच्या लक्षात आले की बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत राहते ते द्रावण नळाच्या पाण्यात केलेले असेल तरच. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरले की ते बंद पडते. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते. आकुंचनाचा इशारा कॅल्शियम देते, हे यातून पुढे उलगडले. मग सैल होण्याचा इशारा कोण देते? याचे उत्तर मिळायला 1961 उजाडले. जपानमध्ये सेत्सुरो एबाशी आणि जर्मनीत विल्हेल्म हासेलबाख व माडोका माकिनोसे यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की स्नायुपेशीच्या आत पातळ पटलांचे एक जाळे असते आणि ते ऊर्जा खर्च करून कॅल्शियम पुन्हा आत ओढून घेते. सैल पडलेल्या पेशीत मुक्त कॅल्शियमचे प्रमाण पेशीबाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजारपटीने कमी असते. एवढा उतार प्रत्येक ठोक्यानंतर नव्याने निर्माण करावा लागतो. खोलगट शेतातून दर सेकंदाला पाणी उपसून बाहेर टाकण्यासारखे हे काम आहे. त्यासाठी एटीपी हे पेशीचे इंधन जळते. शिवाय आकुंचनाच्या वेळी एकमेकांत अडकलेले प्रथिनांचे धागे सोडवण्यासाठीही एटीपी लागते.

याचा पुरावा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते. इंधन संपलेला स्नायू सैल पडत नाही, तो अडकून राहतो. सैल असणे ही स्नायूची फुकटची, मूळ अवस्था असती तर असे घडले नसते.

जिवंत हृदयात हे काम किती झपाट्याने होते, हे पाहण्यासारखे आहे. महारोहिणीची झडप मिटल्यापासून मायट्रल झडप उघडेपर्यंतचा काळ सुमारे 80 मिलिसेकंदांचा असतो. या अवधीत दोन्ही दारे बंद असतात, जवनिकेत एक थेंबही येत-जात नाही, आणि तरी तिच्यातील दाब झपाट्याने कोसळतो. आकुंचनाच्या वेळी पिळली गेलेली भिंत उलगडते. टायटिन नावाचे अवाढव्य प्रथिन दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे मूळ लांबीकडे परतते. 1930 मध्येच अमेरिकेतील लुई कॅट्झ यांनी नोंदवले होते की भरण्याच्या सुरुवातीला जवनिकेचे आकारमान वाढत असतानाच तिच्यातील दाब मात्र उतरत असतो. बाहेरून ढकललेल्या रक्ताने पिशवी फुगत असती तर दाब वाढला असता. येथे जवनिका रक्त ओढून घेत होती. गॅलेनची बाकीची उपपत्ती चुकली होती, पण भात्याची उपमा अगदीच निराधार नव्हती.

आता परळकडे परत येऊ. 1949 मध्ये केईएममधील हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता उच्च रक्तदाबावर सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उपयोग. भारतीय वैद्यकात ही मुळी जुनी. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे नोंदवले होते. वकिलांच्या निबंधाने पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे 1967 मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील 143 पुरुषांवर झालेल्या चाचणीने प्रथमच निर्विवाद दाखवले की तीव्र उच्च रक्तदाबावर औषध दिल्याने प्राण वाचतात. त्या चाचणीतील तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. या औषधाने काही रुग्णांत नैराश्य येत असे. यथावकाश अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले.

वकील शिथिलनाचा शोध घेत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यांना पक्षाघात आणि मूत्रपिंडांची हानी टाळायची होती. परंतु आज मागे वळून पाहताना त्यांच्या कार्याचा या कथेशी जवळचा संबंध दिसतो. उच्च दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त ढकलणारी जवनिका आपली भिंत जाड करते. भौतिकीतील लाप्लासचा नियम सांगतो की दाब वाढला तरी भिंतीची जाडी त्याच प्रमाणात वाढवली तर भिंतीच्या प्रत्येक थरावरील ताण पूर्ववत राहतो. हृदय हा नियम निमूटपणे पाळते. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. जाड भिंत ताठर असते, तिच्यात तंतुमय ऊतक साचते आणि ती संथपणे उलगडते. उच्च रक्तदाब हे शिथिलन बिघडण्याचे आज सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक मानले जाते. आत्याला गेली वीस वर्षे रक्तदाबाचा विकार आहे आणि त्यातील निदान दहा वर्षे तिने गोळी ‘बरे वाटत नसेल तेव्हाच’ घेतली आहे.

तिसरा प्रसंग मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण तो एका फसलेल्या कल्पनेचा आहे.

हृदयाच्या पोकळीत सतत रक्त असते, तरी हृदयाचा स्नायू त्यातून थेट आपली गरज भागवू शकत नाही. त्याला रसद मिळते ती महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या करोनरी रोहिण्यांतून. 1695 मध्येच इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता स्कारामुच्ची याने तर्क केला होता की आकुंचनाच्या वेळी भिंतीतील वाहिन्या पिळल्या जात असतील आणि स्नायूला रक्त मिळत असेल ते तो सैल पडल्यावरच. विसाव्या शतकातील मोजमापांनी हे खरे ठरवले. डाव्या करोनरी रोहिणीतील प्रवाहाचा बहुतांश भाग शिथिलनाच्या काळात वाहतो. सगळ्या शरीराला वाढून झाल्यावर, दोन पंगतींच्या मधल्या वेळात जेवणाऱ्या गृहिणीसारखी हृदयाची गत आहे.

करोनरी रोहिणीच अडली तर? 1960 च्या दशकाच्या प्रारंभी बायपास शस्त्रक्रिया रूढ झालेली नव्हती. त्या काळात परळमध्ये डॉ. सेन आणि त्यांचे सहकारी, डॉ. टी. ई. उदवाडिया, डॉ. एस. जी. किनरे आणि डॉ. जी. बी. परुळकर, यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाकडे पाहिले. त्यांच्या जवनिकेची भिंत स्पंजासारखी असते आणि पोकळीतले रक्त तिच्या खाचाखोचांत शिरून स्नायूला थेट पोसते. मग माणसाच्या जवनिकेच्या भिंतीत सुईने बारीक छिद्रे पाडली तर? पोकळीतले रक्त त्या वाटांनी उपाशी स्नायूत शिरेल का? त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि 1965 मध्ये छाती व हृदयाच्या शस्त्रक्रियेला वाहिलेल्या अमेरिकेतील प्रमुख नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. रोहिणी बांधल्यानंतरही छिद्रे पाडलेल्या स्नायूला संरक्षण मिळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पद्धतीला त्यांनी हृत्स्नायूचे अ‍ॅक्युपंक्चर म्हटले. भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण 1968 च्या फेब्रुवारीत ज्या विभागाने केले, तोच हा विभाग.

1969 मध्ये त्याच नियतकालिकात रोके पिफारे आणि सहकाऱ्यांचे उत्तर आले. शीर्षकातच त्यांनी ही कल्पना शरीरक्रियेच्या दृष्टीने अशक्य ठरवली होती. त्यांचा युक्तिवाद दाबाचा होता आणि भौतिकीच्या विद्यार्थ्याला तो चटकन पटतो. आकुंचनाच्या वेळी पोकळीत भरपूर दाब असतो, पण त्याच वेळी भिंतीच्या आतला दाबही तेवढाच किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे छिद्रे आवळली जातात. शिथिलनाच्या वेळी भिंत मोकळी होते, पण तेव्हा पोकळीतला दाब पाऱ्याच्या 5 ते 10 मिलिमीटरपर्यंत उतरलेला असतो आणि रक्त ढकलायला बळ उरत नाही. वाट मोकळी असते तेव्हा दाब नाही, आणि दाब असतो तेव्हा वाट बंद. मानवी हृदयाने हा पेच कसा सोडवला? त्याने दाबाची बचत बाहेर ठेवली. आकुंचनाच्या वेळी महारोहिणीची लवचीक भिंत फुगते आणि नंतर सावकाश परतताना सुमारे 80 मिलिमीटरचा दाब राखून धरते. भिंत सैल पडते त्या क्षणी हाच साठवलेला दाब तिला रक्त पुरवतो. रक्तदाबाच्या नोंदीतील खालचा आकडा तो हाच. शरीराला सर्वांत जपून वापरावी लागणारी ही शिल्लक आहे.

परळची कल्पना एवढ्यावर संपली नाही. 1980 च्या दशकात महमूद मिरहोसेनी यांनी सुईऐवजी लेसरने छिद्रे पाडायला सुरुवात केली आणि 1998 मध्ये अमेरिकेत या लेसर पद्धतीला मान्यताही मिळाली. रुग्णांची छातीतील वेदना कमी होत असे. मात्र शवविच्छेदनांत छिद्रे बुजलेली आढळू लागली. मग वेदना कशाने कमी होत होती? वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंची हानी, जखमेभोवती उगवणाऱ्या नव्या सूक्ष्म वाहिन्या, की केवळ उपचार झाल्याचा विश्वास? 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 298 रुग्णांच्या चाचणीत, नळीवाटे केलेल्या लेसर उपचाराची तुलना उपचाराच्या नुसत्या देखाव्याशी केली गेली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

मला या प्रसंगात पराभव दिसत नाही. मर्यादित साधनांच्या एका सार्वजनिक रुग्णालयात चार संशोधकांनी एक धाडसी, तपासता येण्याजोगा प्रश्न विचारला. तो जगाने चाळीस वर्षे गांभीर्याने तपासला. उत्तर ‘नाही’ आले, पण त्या ‘नाही’मधून हृदय आपले पोट कधी आणि कसे भरते हे अधिक लख्ख समजले. विज्ञानाच्या बातम्यांत आपण केवळ ‘हो’ मोजतो, म्हणून असे संशोधन विस्मृतीत जाते.

एक प्रश्न उरतो. छाती न उघडता हृदयाचे शिथिलन पाहायचे कसे? येथेही सुरुवात मायट्रल झडपेपासून झाली. स्वीडनमधील लुंड येथील हृदयतज्ज्ञ इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी या झडपेची स्थिती जाणून घ्यायची होती. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांना गाठले. हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातील धातूच्या चिरा शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र आणले आणि 1953 मध्ये हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदले गेले. आजची ‘इको’ तपासणी ती हीच. पुढे डॉप्लर परिणामाची जोड मिळून रक्ताचा वेगच मोजता येऊ लागला. निरोगी हृदयात मायट्रल झडपेतून प्रवाहाच्या दोन लाटा दिसतात. पहिली, ‘ई’, जवनिकेच्या स्वतःच्या उलगडण्याने येते. दुसरी, ‘ए’, कर्णिकेच्या शेवटच्या ढकलण्याने. तरुणपणी ‘ई’ उंच असते. शिथिलन मंदावले की ती खुजी होते आणि कर्णिकेला अधिक जोर लावावा लागतो. आत्याच्या अहवालातील ‘ग्रेड 1’ म्हणजे लाटांच्या उंचीची ही अदलाबदल.

मग ‘ईएफ 60 टक्के’ या ओळीने फसगत का होते? साधा गुणाकार करून पाहा. जवनिकेत 120 मिलिलिटर रक्त भरले आणि 72 बाहेर गेले तर ईएफ 60 टक्के. ताठर जवनिकेत 80 मिलिलिटरच मावले आणि 48 बाहेर गेले, तरी ईएफ 60 टक्केच. मिनिटाला 75 ठोके धरले तर पहिल्या हृदयाने 5.4 लिटर रक्त दिले, दुसऱ्याने 3.6. गुणोत्तर तेच आहे, शिधा मात्र एक तृतीयांशाने घटला. प्रत्यक्षात शरीर ही तूट भरून काढण्यासाठी मागचा दाब वाढवते आणि ताठर कप्प्यात रक्त कोंबते. तो वाढीव दाब फुप्फुसांत पोचतो, आणि जिन्याच्या वळणावर दम लागतो.

हृदय निकामी होण्याच्या एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची ईएफ सामान्य असते, हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झाले. ढकलणाऱ्या हृदयासाठी तयार झालेली अनेक औषधे यांच्याबाबत अपुरी पडली. 2021 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरील औषधाने अशा रुग्णांच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटवले. हार्वीच्या ग्रंथानंतर 393 वर्षांनी मिळालेले हे यश, तेही मर्यादित.

विद्यार्थी मित्रांना एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. वयाबरोबर शिथिलन सर्वांचेच मंदावते. साठीनंतरच्या अनेक निरोगी माणसांच्या अहवालात ‘ग्रेड 1’ सापडतो आणि तेवढ्यावरून आजाराचे निदान होत नाही. दम लागण्याला रक्तक्षयापासून फुप्फुसांपर्यंत इतर कारणेही असतात. ही ओळ निकाल नाही, प्रश्न आहे. तो डॉक्टरांना विचारायचा असतो.

आत्याने तो विचारला. डॉक्टरांनी तिची रक्तदाबाची गोळी नियमित केली, मीठ कमी करायला सांगितले आणि काही तपासण्या पुन्हा करवून घेतल्या. आता ती जिन्याच्या वळणावर न चुकता थांबते, मनगटावर बोटे ठेवून ठोके मोजते आणि ते उतरले की पुढच्या पायऱ्या चढते. तेवढ्या वेळात तिचे हृदय काय काय करते, ते मी तिला एकदा सविस्तर सांगितले. ऐकून ती म्हणाली, “म्हणजे ते बसलेले कधीच नसते तर.”